अर्ज कुणी करायचा?

कॉलेजच्या ऑफिसात काहीही मागायला जा, खिडकीपलीकडून एकच वाक्य येतं. "अर्ज द्या." बोनाफाईड हवंय? अर्ज द्या. मार्कशीटवर आडनावातला काना गळलाय? अर्ज द्या. त्यात तसं वावगं काही नाही. कागदाशिवाय आपल्याकडे पान हलत नाही हे लहानपणापासून बघत आलोय. पण जिला डोळ्यांनी दिसत नाही, जो व्हीलचेअरवर आहे, ज्याला ऐकू येत नाही, त्यांनाही दर सहा महिन्यांनी त्याच खिडकीपाशी आणून तेच वाक्य ऐकवलं जातं, तेव्हा माझं डोकं फिरतं. का फिरतं ते आज सविस्तर लिहायचं ठरवलंय. लांबण लागणार आहे, चहा घेऊन बसा.

आधी कायदा काय म्हणतो ते बघू. कारण बहुतेकांची समजूत अशी असते की या मुलांना जे काही मिळतं ती 'सवलत'. शब्दच बघा ना. एसटीच्या तिकिटात मिळते ती सवलत. दिवाळीत साड्यांवर असते ती सवलत. देणाऱ्याची मर्जी असेल तोवर मिळणार, आणि घेणाऱ्याने जरा ओशाळून घ्यायची.

१९९५ साली आपल्याकडे अपंगांसाठीचा पहिला मोठा कायदा झाला, ७ फेब्रुवारी १९९६ पासून लागू. सरकारी आणि अनुदानित शिक्षणसंस्थांत ३ टक्के जागा राखीव ठेवा, असं त्यात स्पष्ट होतं. पण रॅम्प, स्वच्छतागृहं वगैरे गोष्टींपाशी आल्यावर कायद्याने एक मखलाशी केली होती. हे सगळं 'आर्थिक कुवत आणि विकास यांच्या मर्यादेत' करायचं होतं. झालं! 'जमलं तर बघू' याचं इतकं सुंदर सरकारी भाषांतर मी दुसरीकडे वाचलेलं नाही. वीस वर्षं कुणाला जमलं नाही.

मग २००७ मध्ये भारताने अपंग व्यक्तींच्या हक्कांबद्दलच्या संयुक्त राष्ट्रांच्या कराराला मान्यता दिली आणि त्याला धरून २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम आला. तो १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. अपंगत्वाचे मान्य प्रकार ७ चे २१ झाले. सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांमधल्या राखीव जागा ५ टक्के झाल्या. प्रवेशाच्या वयात ५ वर्षांची सूट आली. हे सगळं वर्तमानपत्रात छापून आलं होतं, आठवत असेल. पण माझ्या मते त्या कायद्यातल्या सगळ्यात महत्त्वाच्या ओळी वेगळ्याच आहेत आणि त्यांची बातमी झाली नाही.

एक, भेदभाव म्हणजे काय याची व्याख्या. एखाद्याच्या गरजेप्रमाणे वाजवी सोय करून द्यायला नकार देणं हा भेदभावच आहे, असं कायद्यात सरळ लिहिलंय. म्हणजे हाकलून दिलं तरच भेदभाव असं नाही. 'या ना, पण वर्ग तिसऱ्या मजल्यावर आहे' हाही भेदभाव.

दोन, इमारती. ज्या सार्वजनिक इमारती आधीपासून उभ्या आहेत त्या नियम निघाल्यापासून ५ वर्षांच्या आत सगळ्यांना वापरता येतील अशा करायच्या. सार्वजनिक इमारत म्हणजे काय, तेही सांगितलंय. लोकांच्या वापरातली सरकारी किंवा खाजगी इमारत, आणि त्यात शिक्षणासाठी वापरली जाणारी इमारत नावानिशी आली आहे. नियम निघाले जून २०१७ मध्ये. पाच वर्षं कधी संपली ते तुम्हीच मोजा. यात कुठेही 'विद्यार्थ्याने अर्ज केल्यास' असं लिहिलेलं नाही. मुलगी प्रवेश घेवो न घेवो, मुलगा येवो न येवो, इमारत तयार असायला हवी होती.

माझं म्हणणं खरं तर एवढंच आहे. कायद्याने जबाबदारी संस्थेवर टाकली, आणि ती आधीपासून तयार राहण्याची जबाबदारी आहे. संस्थांनी ती शिताफीने वळवून अर्जाच्या रूपात मुलांच्या गळ्यात घातली. नकार कुणी देत नाही हो. नकार दिला तर कोर्टात जाता येतं. अर्ज 'विचाराधीन' असला की कुठेच जाता येत नाही.

घरच्यांना माहीत आहे, २०१३ ते २०१८ या काळात मी पुण्यात अंध मुलांच्या परीक्षांना रायटर म्हणून बसायचे. (कागदोपत्री शब्द 'लेखनिक', पण मुलं रायटरच म्हणतात.) ऑफिसातल्या रजा त्यातच संपायच्या आणि आई म्हणायची, स्वतःच्या परीक्षेला एवढी बसली असतीस तर! असो. एका पेपरला बसायचं तर काय काय लागायचं ते सांगते. तिचा अर्ज. तिच्या अपंगत्वाच्या दाखल्याची झेरॉक्स, साक्षांकित. माझा अर्ज. माझा फोटो. माझी शेवटची मार्कशीट. मी तिची नातेवाईक नाही आणि तो विषय शिकवत नाही असं हमीपत्र. त्यावर प्राचार्यांची सही. प्राचार्य मीटिंगला गेलेले. मग परीक्षा विभागाचा शिक्का. शिक्का ज्यांच्या कपाटात ते जेवायला गेलेले. परीक्षा विभाग दुसऱ्या मजल्यावर, आणि ती मुलगी काठीने जिने मोजत माझ्याबरोबर वर-खाली. हे सगळं दर सेमिस्टरला नव्याने. जणू दिवाळीच्या सुट्टीत तिला दिसायला लागलं असण्याची शक्यता होती.

रायटर शोधायचा तोही तिनेच. ओळखीपाळखीतून, हॉस्टेलच्या मैत्रिणींकडून, एखाद्या संस्थेला फोन करून. कित्येकदा पेपरच्या आदल्या रात्री माझा फोन वाजलाय, "ताई, उद्याची रायटर नाही म्हणाली." दुसऱ्या दिवशी अर्थशास्त्राचा पेपर असलेली मुलगी रात्री दहा वाजता अभ्यास करायचा सोडून रायटर शोधत असते, हे दृश्य डोळ्यांसमोर आणा.

आता गंमत बघा. केंद्र सरकारच्या २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांतच लिहिलं होतं की परीक्षा घेणाऱ्या संस्थांनी रायटरची यादी जिल्हा, विभाग, राज्य पातळीवर तयार ठेवावी. म्हणजे फोन करायचं काम तिचं नव्हतंच, परीक्षा विभागाचं होतं. त्याच सूचनांत असंही म्हटलं होतं की रायटरवर शिक्षणाची, मार्कांची, वयाची अट घालू नका, त्यापेक्षा पर्यवेक्षण चोख करा. किती शहाणपणाची गोष्ट! कॉपी होईल अशी भीती असेल तर लक्ष ठेवणारा माणूस नीट नेमा. पण २०१८ मध्ये सूचना बदलल्या आणि स्वतः रायटर आणायचा तर त्याचं शिक्षण विद्यार्थ्यापेक्षा एक पायरी खालचं हवं, असा नियम आला. माझं शिक्षण नडलं आणि पदवीच्या पेपरांना मी बाद झाले. त्याचं वाईट वाटून घेण्याचं कारण नाही, पण विचार करा. पदवीच्या मुलीला मग बारावीची मुलगी शोधायला लागली, आणि ती सापडणार कधी? मार्च-एप्रिलमध्ये, जेव्हा गावातल्या प्रत्येक मुलीची स्वतःची परीक्षा असते. शिवाय 'उपयोजित' आणि 'उपपत्ती' हे शब्द जिने कधी ऐकलेले नाहीत, तिला ते लिहायला सांगायचे. ऱ्हस्व-दीर्घाचे मार्क जातात ते पेपर सांगणारीचे.

आणि जादा वेळ. तासाला किमान २० मिनिटं, म्हणजे तीन तासांच्या पेपरला पूर्ण एक तास. हे २०१३ पासून कागदावर आहे. २०१६ साली एका कॉलेजात (नाव घेत नाही) समाजशास्त्राच्या पेपरला आम्हाला ऑफिसबाहेरच्या पॅसेजमध्ये बसवलं होतं. बाजूला शिपायांची घंटा, समोरून फी भरायची रांग. तीन तास झाले तसे सुपरवायझर आले आणि पेपर मागायला लागले. मी म्हटलं, अजून तास आहे. ते म्हणाले, "तुम्ही तर फटाफट लिहिताय की!" मी लिहीत होते हो फटाफट. पण प्रश्न ऐकायचा, तो डोक्यात ठेवायचा, उत्तर मनात जुळवायचं, मला वाक्यावाक्याने सांगायचं, मधेच 'आधीच्या परिच्छेदात काय लिहिलं ते वाच' म्हणायचं, हे काम ती करत होती. शेवटी परिपत्रकाची घडी तिच्याच पिशवीतून निघाली. ती कायम जवळ ठेवायची. वीस वर्षांच्या मुलीने कंपास पेटीबरोबर सरकारी परिपत्रक बाळगायचं!

हे एका कॉलेजापुरतं असतं तर मी इतकं लिहिलंच नसतं. २०२१ च्या वैद्यकीय प्रवेश परीक्षेत लेखनाची अडचण असलेल्या एका मुलीला हाच एक तास नाकारला गेला. इतर मुलांबरोबर तिचाही पेपर काढून घेतला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. नोव्हेंबर २०२१ मध्ये न्यायालयाने परीक्षा घेणाऱ्या यंत्रणेला सांगितलं की हा अन्याय झालाय, आणि तो कसा भरून काढता येईल ते एका आठवड्यात ठरवा. पण फेरपरीक्षा काही मिळाली नाही. एका तासासाठी दिल्लीपर्यंत! त्याच वर्षी फेब्रुवारीत विकास कुमार खटल्याचा निकाल लागला होता. हात आखडण्याच्या विकारामुळे लिहिता न येणाऱ्या उमेदवाराला 'तुमचं अपंगत्व ४० टक्के भरत नाही' म्हणून लोकसेवा आयोगाने रायटर नाकारला होता. न्यायालयाने सांगितलं की रायटर मिळणं ४० टक्क्यांवर अवलंबून नाही, गरजेवर आहे. टक्क्यांचा आकडा राखीव जागांसाठी, सोयींसाठी नव्हे. इतकी साधी गोष्ट. आजही कुठल्याही परीक्षा विभागात जाऊन विचारा, पहिला प्रश्न 'किती टक्के?' हाच येईल.

आता इमारतींकडे येते. रॅम्प म्हटलं की सगळ्यांना समाधान वाटतं, कारण रॅम्प दिसतो. फोटोत येतो. नॅकच्या मूल्यांकनात वर्षानुवर्षं 'दिव्यांगस्नेही परिसर' हा मुद्दा होता, त्याला ठिकाणाची नोंद असलेले फोटो जोडायचे असत. त्यामुळे रॅम्प झाले. मुख्य दाराशी, फोटोला बरे पडतील असे. एक फूट चढायचं तर रॅम्प बारा फूट लांब हवा, हे प्रमाण कुठल्याही कॉन्ट्रॅक्टरला माहीत असतं. तरीही तीन पायऱ्यांवर फळी टाकल्यासारखे कडेलोटी रॅम्प मी पाहिलेत. व्हीलचेअर काय, भाजीची पिशवी घेऊन मी त्यावरून उतरणार नाही. अपंगांसाठीच्या स्वच्छतागृहात जुनी बाकं आणि निवडणुकीचं सामान, किल्ली शिपायाकडे, शिपाई बँकेत. एका ठिकाणी अंधांसाठीच्या पिवळ्या उंचवट्याच्या फरशा थेट कुंडीत जाऊन संपत होत्या.

आणि लिफ्ट! 'लिफ्ट फक्त प्राध्यापक व कर्मचारी यांच्यासाठी' ही पाटी तुम्हीही वाचली असेल. कुबड्या घेतलेल्या मुलाने ती वापरायची तर काय करायचं? ओळखलंत. अर्ज. मग त्याला एक पास मिळतो. गुडघे दुखणाऱ्या सरांना मात्र पास लागत नाही.

याच जागी मामांचा मुद्दा आठवला. मामा, तुम्ही हे वाचणार आहात हे मला माहीत आहे, तरी लिहिते. :-) गणपतीत तुम्ही म्हणालात, "अगं, हजारात एखादा मुलगा असतो, त्याच्यासाठी कॉलेजने लाखांची लिफ्ट कुठून आणायची?" मामा, आधी हजारात एखादा का ते बघू. २०११ च्या जनगणनेत एकट्या महाराष्ट्रात साडेएकोणतीस लाखांहून जास्त अपंग व्यक्ती मोजल्या गेल्या. ती मुलं कॉलेजात दिसत नाहीत, कारण ती पहिल्या दिवशी जिना बघून परत जातात, किंवा त्यांचे आईवडील आधीच बघून येतात आणि बाहेरून परीक्षा द्यायचं ठरवतात. जिना ठेवायचा आणि मग म्हणायचं, वर येणारे नाहीतच, तर लिफ्ट कशाला?

दुसरं, पैशांचं. लिफ्टला पैसे लागतात, कबूल. वेळापत्रकाला लागतात का? एका तुकडीत चालायला त्रास असलेला मुलगा आहे, तर त्या तुकडीचे तास तळमजल्यावर लावायचे. जून महिन्यात अर्धा तास बसून होणारं काम. एक रुपया खर्च नाही. मी हे तीन वेगवेगळ्या कॉलेजांत सुचवलं. दोन ठिकाणी 'वर्ग ज्या त्या विभागाचे ठरलेले असतात' असं उत्तर मिळालं, आणि तिसऱ्या ठिकाणी... अर्ज द्या म्हणाले. तेव्हा पैसे नाहीत हे कारण मी मानायला तयार नाही. ज्याला पैसे लागत नाहीत ते आधी करून दाखवा, मग लिफ्टबद्दल बोलू.

फुकटात होण्यासारखी आणखी एक गोष्ट आहे आणि ती आपल्या, म्हणजे ब्लॉगवाल्या मंडळींच्या जिव्हाळ्याची आहे. जुन्या लोकांना आठवत असेल, मराठीत लिहायला लागलो तेव्हा निम्म्यांना अक्षरांच्या जागी चौकोन दिसायचे, निम्म्यांना प्रश्नचिन्हं. बरहा उतरवून घ्या, फॉन्ट बदला, हे सांगण्यात पहिली दोन वर्षं गेली. मग युनिकोड रुळलं आणि आपण सुटलो. पण कॉलेजं आणि विद्यापीठं अजून सुटलेली नाहीत. अंध विद्यार्थी संगणक वापरतो तो स्क्रीन रीडरने, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रॅमने. एनव्हीडीए नावाचा असा प्रोग्रॅम २००६ पासून फुकट मिळतो, तो मराठीही वाचतो. पण त्याला युनिकोड मजकूर लागतो. जुन्या डीटीपी फॉन्टमध्ये टाईप केलेलं मराठी त्याच्या दृष्टीने मराठी नसतंच, इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा कचरा असतो. तो बिचारा इमानेइतबारे कचरा वाचतो.

त्याहून भारी म्हणजे परिपत्रकं. आधी संगणकावर टाईप करायचं. मग छापायचं. सही, शिक्का. मग ते वाकडं स्कॅन करून पीडीएफ चढवायची. टाईप केलेली अक्षरं होती, त्यांचा मुद्दाम फोटो केला! स्क्रीन रीडर त्यावर गप्प बसतो. परीक्षेचं वेळापत्रक, फी माफीची मुदत, आणि हो, अंध विद्यार्थ्यांना रायटर कसा मिळेल याची सूचनासुद्धा, सगळं त्या वाकड्या फोटोत. अंध मुलाने अर्ज कधीपर्यंत करायचा हे त्याला कळूच नये अशी ही व्यवस्था आहे. कुणी दुष्टपणाने केलेली नाही, मान्य. पण सहीच्या कागदाबरोबर मूळ युनिकोड मजकूर चढवायला किती वेळ लागतो? मिनिटभर.

पुस्तकांचंही तेच. २०१२ मध्ये आपला कॉपीराइट कायदा बदलला आणि अंध वाचकांसाठी पुस्तकाची ऐकता येईल, ब्रेलमध्ये वाचता येईल अशी प्रत करायला परवानगी मिळाली. अशा प्रती देशोदेशी नेता याव्यात म्हणून मराकेश इथे २०१३ मध्ये जो करार झाला, त्याला जगात सगळ्यात आधी मान्यता दिली ती भारताने, जून २०१४ मध्ये. अभिमान वाटावा अशी गोष्ट आहे. आणि तरीही द्वितीय वर्षाचं इतिहासाचं पुस्तक मी मोबाईलवर वाचून रेकॉर्ड करते, माझ्यासारखीच दुसरी कुणीतरी नागपुरात तेच पुस्तक तेव्हाच रेकॉर्ड करत असते, आणि ज्या प्रकाशकाकडे अख्खी फाईल तयार आहे त्याला कॉलेजने एक पत्र पाठवलेलं नसतं.

होऊ शकतं का? होतं की. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात २००३ पासून दृष्टिहीनांसाठी संसाधन केंद्र आहे. तिथून पुस्तकं मिळण्याचा प्रश्न, परीक्षांचा प्रश्न, बँकांचा प्रश्न, असं बरंच काम झालं, आणि ते त्या कॉलेजच्या मुलांपुरतं राहिलं नाही. इमारत तीच, जुनी दगडी, हेरिटेज. 'आमची इमारत हेरिटेज आहे' असं ज्यांना म्हणायचंय त्यांनी तिथे एक चक्कर मारून यावी. दगड मध्ये आले नाहीत.

अमेरिकेतल्या आमच्या चुलतभावाचं म्हणणं असं की तिकडेही विद्यार्थ्याला स्वतःहून सांगावं लागतं, अर्ज करावा लागतो. खरं आहे. पण तिकडे १९७३ आणि १९९० च्या कायद्यांमुळे विद्यापीठात त्यासाठी वेगळं कार्यालय असतं, जिथला माणूस पगार याच कामाचा घेतो. मुलगा तिथे एकदा जाऊन बोलतो, मग प्राध्यापकांना पत्र जातं. दाराची रुंदी आणि लिफ्टसाठी त्याला अर्ज करावा लागत नाही. आणि हेही काही आपोआप झालेलं नाही. १९७३ च्या कायद्याचे नियम निघावेत म्हणून १९७७ मध्ये अपंग लोक सॅन फ्रान्सिस्कोतल्या सरकारी इमारतीत जवळजवळ चार आठवडे ठाण मांडून बसले होते. नियमांवाचून कायदा म्हणजे काय हे त्यांना आपल्या आधी कळलं होतं.

आपल्याकडे ते कोर्टाला सांगावं लागलं. राजीव रतुरी नावाच्या अंध गृहस्थांनी २००५ मध्ये याचिका केली. तिच्यावर २०१७ मध्ये निकाल लागला, आणि अंमलबजावणीचा पाठपुरावा होता होता नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की सुगम्यतेबाबतचा जो नियम १५ आहे त्यातल्या गोष्टी नुसत्या शिफारशीसारख्या आहेत, मूळ कायद्याला तर बंधनकारक नियम अपेक्षित आहेत. तो नियम कायद्याशी विसंगत ठरवून केंद्राला तीन महिन्यांत सक्तीचे नियम करायला सांगितलं. २००५ ते २०२४. याचिका केली तेव्हा जन्मलेलं मूल तोवर कॉलेजात गेलं असेल. (जिना चढता येत असेल तर.)

वैद्यकीय शिक्षणातला किस्सा तर कळस आहे. वाचा आणि भाषेचं अपंगत्व असलेल्यांसाठी नियम असा होता: ४० टक्क्यांपेक्षा कमी असेल तर प्रवेश मिळेल, पण राखीव जागा मिळणार नाही. ४० किंवा त्याहून जास्त असेल तर एमबीबीएसलाच अपात्र. आता राखीव जागेवर बसणार कोण? जागा ठेवायची, पण त्यावर बसू शकेल असा माणूस नियमातच शिल्लक ठेवायचा नाही. महाराष्ट्रातल्या एका मुलाने हे आव्हान दिल्लीपर्यंत नेलं आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की नुसत्या टक्क्यांवरून कुणाला अपात्र ठरवता येणार नाही, तो मुलगा शिकू शकतो का हे मंडळाने तपासून कारणांसह सांगितलं पाहिजे. डॉक्टरकीला 'दोन्ही हात धडधाकट' हवेत ही अटही २०२५ च्या फेब्रुवारीत न्यायालयाने मनमानी ठरवली.

यावर हमखास येणारा शेरा म्हणजे 'पण खोटे दाखले काढतात ना लोक!' २०२४ मध्ये आपल्याच राज्यातल्या एका प्रशिक्षणार्थी सनदी अधिकाऱ्याच्या दाखल्यांवरून जो गदारोळ झाला, त्यानंतर तर फारच. खोटा दाखला काढणाऱ्याला जरूर पकडा. पण त्याची शिक्षा म्हणून काठी घेऊन चालणाऱ्या मुलीकडे दर सेमिस्टरला संशयाने बघायचं, हे कुठलं गणित? आयकर चुकवणारे पकडले गेले म्हणून पगारदारांचा पगार कुणी थांबवतं का?

नाव बदलण्यात मात्र आपण तत्पर. अपंग होते, विकलांग झाले, २०१५ नंतर दिव्यांग झाले. डिसेंबर २०२२ मध्ये महाराष्ट्रात स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभागही सुरू झाला. चांगलंच आहे. ज्या मुलीबरोबर मी जिने चढले ती म्हणायची, "ताई, मला काहीही म्हणा, फक्त नोटीस वाचता येईल अशी लावा." (ऐकू न येणाऱ्या मुलांबद्दल मी फार लिहिलं नाही, कारण तो माझा अनुभव नाही. पण एक सांगते, आजवर एकाही कॉलेजच्या वर्गात मी खुणांच्या भाषेतला दुभाषी पाहिलेला नाही.)

तर आता कामाचं बोलू. अर्ज करायचाच असेल तर तो आपण करू, ज्यांना जिना चढता येतो आणि परिपत्रक वाचता येतं त्यांनी. माहिती अधिकाराचा. अनुदानित कॉलेजाला तो लागू आहे. जोडपत्र 'अ', त्यावर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, विषय एकच आणि मजकूर १५० शब्दांच्या आत, हे आपल्या राज्याचे नियम. उत्तर ३० दिवसांत. डिसेंबर २०१७ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की ५ टक्के जागा ज्यांना लागू आहेत त्या संस्थांनी दरवर्षी किती अपंग विद्यार्थ्यांना प्रवेश दिला त्याची यादी आयुक्तांकडे पाठवायची. त्या पत्रांच्या प्रती मागा. जून २०२२ पर्यंत इमारतीत काय काय बदल केले त्याची कागदपत्रं मागा. रायटरची यादी मागा. एका अर्जात एकच विषय बसतो, म्हणून तिन्हींचे वेगळे अर्ज करा. कायदा मोडल्याचा दंड पहिल्या वेळी १० हजारांपर्यंत आणि पुढे ५० हजार ते ५ लाख आहे, हे जाता जाता लक्षात असू द्या.

मी स्वतः दोन कॉलेजांत अर्ज दिलेत. एका ठिकाणी क्लार्कने विचारलं, "तुमचं कोण आहे इथे?" मी म्हटलं, कुणी नाही. पोचपावतीवर शिक्का मारून घेतलाय. ज्यांना मजकुराचा नमुना हवा असेल त्यांनी कळवा, युनिकोडमध्ये पाठवते. आणि मामा, तुमच्या गल्लीतलं कॉलेज तुमच्याकडे.